ठरावीक अक्षरं असलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द कसा शोधायचा

वर्डल (पाच अक्षरी इंग्रजी शब्द अंदाजाने ओळखायचा ऑनलाइन खेळ) असो, इंग्रजी शब्दकोडं असो की स्क्रॅबल, तक्रार एकच ऐकू येते: अक्षरं समोर आहेत, पण शब्द सुचत नाही. बहुतेक वेळा शब्द माहीत असतो. चूक क्रमात असते. हातात काय माहिती आहे हे नीट मांडण्याआधीच माणूस शब्द आठवायला बसतो. मग पहिला सुचलेला शब्द डोक्यात ठाण मांडतो आणि पुढचे सगळे प्रयत्न त्याच्याच अवतीभवती फिरत राहतात. म्हणून आधी अटी, मग सांगाडे आणि सगळ्यात शेवटी शब्द, असा क्रम ठेवा.

लेखात इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. ए हे वर्णमालेतलं पहिलं अक्षर, ई पाचवं, आय नववं. स्पेलिंग द्यायचं असेल तिथे सी-आर-ए-एन-ई असं तोडून दिलं आहे. रिकाम्या घरासाठी अधोरेषा आहे.

## तयारी: कागद, चार रकाने आणि शब्दकोश

कागद आणि पेन्सिल घ्या. हे काम मनातल्या मनात करता येतं, असं सगळ्यांनाच वाटतं. पण पाच घरं आणि सहा-सात अटी एकाच वेळी डोक्यात राहत नाहीत. एखादी अट निसटते आणि ती निसटल्याचं कळतही नाही.

कागदावर वर पाच घरं काढा. खाली चार रकाने आखा:

- पक्की: अक्षरही माहीत आणि घरही माहीत.
- आहेत, पण इथे नाहीत: अक्षर शब्दात आहे आणि अमुक घरात नाही. दोन्ही गोष्टी लिहा.
- नाहीत: शब्दात अजिबात नसलेली अक्षरं.
- किती वेळा: एखादं अक्षर एकदाच आहे की दोनदा, याबद्दल जे ठाऊक असेल ते.

चौथा रकाना बहुतेक जण काढतच नाहीत. निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

कोणता शब्दकोश लागू आहे, हेही आधीच ठरवा. स्क्रॅबलच्या कॉलिन्स यादीत एन-आय-क्यू-ए-बी, एफ-ए-क्यू-आय-आर, टी-ए-एल-ए-क्यू हे शब्द चालतात. म्हणजे निकाब, फकीर आणि तलाक. क्यूनंतर यू नसलेला पाच अक्षरी शब्द हवा असेल, तर असेच उसने शब्द कामी येतात. वर्डलमध्ये मात्र उत्तर म्हणून असे शब्द येत नाहीत. वर्डलच्या याद्याच दोन आहेत. खेळाच्या मूळ रूपात उत्तरांची यादी २३१५ शब्दांची होती, तर अंदाज म्हणून जवळपास तेरा हजार शब्द चालत. एखादा शब्द खेळाने स्वीकारला म्हणजे तो उत्तर असू शकतो, असं नाही.

## टप्पा १: अट नेमकी काय आहे ते वाचा

‘ए, आर, टी असलेले पाच अक्षरी शब्द’ या एका वाक्याचे चार वेगवेगळे अर्थ निघतात:

१. ही तीन अक्षरं शब्दात कुठेही असावीत, बाकीची दोन कोणतीही चालतील.
२. ही तीन अक्षरं याच क्रमाने यावीत, मध्ये दुसरी अक्षरं चालतील.
३. ही तीन अक्षरं सलग यावीत.
४. शब्द दिलेल्या अक्षरांतूनच बनवायचा आहे, बाहेरचं अक्षर नको.

पार्टी हा शब्द, म्हणजे पी-ए-आर-टी-वाय, पहिल्या तिन्ही अर्थांत बसतो. एक्स्ट्रा, म्हणजे ई-एक्स-टी-आर-ए, फक्त पहिल्यात बसतो. चौथा अर्थ अगदीच निराळा आहे. तिथे तीन अक्षरांतून पाच अक्षरी शब्द बनवायला अक्षरं पुन्हा वापरायची मुभा लागते. ती आहे का, हे आधी पाहा. स्क्रॅबलमध्ये नसते. हातात एकच टी असेल, तर टी एकदाच वापरता येतो.

तपासणी: अट स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहा. लिहिताना अडखळलात तर अट अजून कळलेली नाही.

## टप्पा २: रंगांमधून पूर्ण माहिती काढा

हा टप्पा वर्डलसारख्या रंगांवर चालणाऱ्या खेळांसाठी आहे. प्रत्येक अंदाजानंतर खेळ अक्षरांना रंग देतो: योग्य घरात असेल तर हिरवा, शब्दात आहे पण दुसऱ्या घरात असेल तर पिवळा, शब्दात नसेल तर राखाडी. साध्या शब्दकोड्यात आडव्या-उभ्या शब्दांतून आलेली अक्षरं सरळ ‘पक्की’ या रकान्यात जातात, तेव्हा पुढे चला.

हिरव्यात फसण्यासारखं थोडं आहे. पिवळ्यात दोन गोष्टी असतात: अक्षर आहे, आणि या घरात नाही. दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि तेच अक्षर पुन्हा त्याच घरात ठेवून एक प्रयत्न वाया घालवतात. खेळ इशारा देईल, या भरवशावर राहू नका. वर्डलच्या हार्ड मोडमध्ये हिरवं अक्षर जागेवर ठेवावं लागतं आणि पिवळं अक्षर शब्दात असावं लागतं. पण पिवळं अक्षर जुन्याच घरात ठेवलं किंवा राखाडी ठरलेलं अक्षर परत घातलं, तर हार्ड मोडही अडवत नाही.

खरा गोंधळ दुहेरी अक्षरांचा. खेळ आधी हिरवी अक्षरं ठरवतो. मग उरलेल्यांना डावीकडून उजवीकडे पिवळा रंग देतो, तोही उत्तरात ते अक्षर जितक्या वेळा शिल्लक असेल तितक्याच वेळा. त्यामुळे एकाच अंदाजात एक एल पिवळा आणि दुसरा एल राखाडी दिसू शकतो.

हॅलो हा अंदाज घ्या, एच-ई-एल-एल-ओ:

- उत्तर लेमन, एल-ई-एम-ओ-एन असेल तर ई हिरवा, पहिला एल पिवळा, दुसरा एल राखाडी, ओ पिवळा. उत्तरात एल एकच आहे आणि तो पहिल्या एलने वापरून टाकला.
- उत्तर लेव्हल, एल-ई-व्ही-ई-एल असेल तर ई हिरवा, दोन्ही एल पिवळे, ओ राखाडी. उत्तरात एल दोन आहेत, पण तिसऱ्या-चौथ्या घरात नाहीत.

पहिल्या उदाहरणातला राखाडी एल पाहून अनेक जण एल ‘नाहीत’च्या रकान्यात टाकतात. तिथेच कोडं हातचं जातं. त्या राखाडीचा अर्थ ‘एल एकच आहे आणि चौथ्या घरात नाही’ इतकाच आहे. हे चौथ्या रकान्यात लिहा.

उलट बाजूही आहे. लेव्हलमध्ये ई दोनदा आहे, तरी हॅलोमध्ये एकच ई होता म्हणून हिरवा रंग एकदाच दिसला. एखादं अक्षर अंदाजात एकदाच वापरलं असेल, तर ते उत्तरात किती वेळा आहे याबद्दल रंग काहीही सांगत नाहीत.

सावधान: एखादं अक्षर ‘नाहीत’च्या रकान्यात टाकण्याआधी तेच अक्षर त्याच अंदाजात दुसरीकडे हिरवं किंवा पिवळं आहे का, हे बघा.

## टप्पा ३: सांगाडे मांडा

शब्द आठवण्याऐवजी माहीत असलेली अक्षरं कुठे कुठे बसू शकतात, ते सगळं मांडायचं. प्रत्येक मांडणी म्हणजे एक सांगाडा.

समजा पहिला अंदाज क्रेन होता, सी-आर-ए-एन-ई. आर आणि ए पिवळे, सी, एन, ई राखाडी. आर दुसऱ्या घरात नाही, म्हणजे १, ३, ४ किंवा ५. ए तिसऱ्या घरात नाही, म्हणजे १, २, ४ किंवा ५. चार गुणिले चार सोळा. दोन्ही अक्षरं एकाच घरात येण्याच्या तीन मांडण्या वजा केल्या की तेरा सांगाडे उरतात. ते सगळे लिहा:

- ए _ आर _ _ : एऑर्टा, म्हणजे ए-ओ-आर-टी-ए
- ए _ _ आर _ : अबॉर्ट
- ए _ _ _ आर : ए-एल-टी-ए-आर, वेदी या अर्थाचा
- आर ए _ _ _ : रॅपिड, रेडिओ, रॅली, रडार
- _ ए आर _ _ : पार्टी, हार्डी, मार्श, हार्श, कर्मा, लार्वा
- _ ए _ आर _ : डेअरी, फेअरी, हेअरी
- _ ए _ _ आर : मेजर, आणि अमेरिकन स्पेलिंगचे फेवर, लेबर, व्हेपर
- आर _ _ ए _ : रॉयल, रायव्हल, रूरल
- _ _ आर ए _ : मॉरल, म्युरल, व्हायरल
- _ _ _ ए आर : सोलर, पोलर, शुगर
- आर _ _ _ ए : रुंबा
- _ _ आर _ ए : कर्मा, लार्वा पुन्हा इथे
- _ _ _ आर ए : अल्ट्रा, हायड्रा, सूत्र

सांगाडे न लिहिता बसलं की पार्टी, रॅपिड, सोलर लगेच सुचतात. शेवटच्या ओळीतला अल्ट्रा सुचत नाही. कारण आर-ए शेवटी येऊ शकतं, हेच डोक्यात येत नाही. सांगाड्यांचा उपयोग नेमका इथे आहे.

आता दुसरा अंदाज. यादीतलाच, पण शक्य तितकी नवी आणि वारंवार येणारी अक्षरं असलेला शब्द घ्या. रॉयल बरा आहे: ओ, वाय, एल ही तीन नवी अक्षरं, शिवाय आर आणि ए यांच्या दोन नव्या जागाही तपासल्या जातात. समजा उत्तर अल्ट्रा आहे. मग आर, ए आणि एल पिवळे, ओ आणि वाय राखाडी येतील. आर आता ३, ४ किंवा ५ मध्ये, ए १, २ किंवा ५ मध्ये, आणि एल पाचव्या घरात नाही. तेराचे आठ सांगाडे झाले. त्यांत एल बसवला की नेहमीच्या वापरातले तीनच शब्द उरतात: अल्ट्रा, लार्वा आणि एल-ए-आय-आर-डी, म्हणजे लेअर्ड.

ए-एल-टी-ए-आर का बाद झाला, ते पाहा. त्यात ए चौथ्या घरातही आहे. तो उत्तर असता तर रॉयलमधला ए हिरवा आला असता. रॅलीही तसाच बाद: आर पहिल्या घरात असता तर हिरवा दिसला असता. शब्द बाद करताना नेहमी हाच प्रश्न विचारा: हा शब्द उत्तर असता तर मागच्या अंदाजाला हेच रंग आले असते का?

तपासणी: सांगाड्यांची संख्या आधी गुणाकाराने काढा आणि मग मोजून पाहा. कमी भरली तर एखादी मांडणी राहिली आहे.

## टप्पा ४: आधी शेवट भरा, मग सुरुवात

सांगाडे मांडले की रिकामी घरं भरायची. सगळे सहसा पहिल्या घरापासून सुरू करतात. पाचव्यापासून सुरू केलं तर काम लवकर आटोपतं, कारण शेवटच्या घरात कमी अक्षरं बसतात. वर्डलच्या मूळ २३१५ शब्दांत ई ने संपणारे ४२४, वाय ने संपणारे ३६४, टी ने २५३ आणि आर ने २१२ आहेत. निम्म्याहून जास्त यादी या चार अक्षरांत संपली. इंग्रजी शब्द जे किंवा व्ही ने क्वचितच संपतात, म्हणून तिथे ती अक्षरं घालून बघण्यात वेळ दवडू नका.

एस चं प्रकरण वेगळं आहे. स्क्रॅबलमध्ये शेवटी एस लावून अनेकवचन करणं हा रोजचा डाव आहे. वर्डलच्या त्या यादीत मात्र एस ने संपणारे फक्त ३६ शब्द आहेत. त्यांत ग्लास, ड्रेस, क्लास यांसारखे दुहेरी एसचे आणि फोकस, व्हायरस, बोनस, बेसिस असे मुळातच एस ने संपणारे शब्द. चार अक्षरी नामाला एस जोडून केलेलं साधं अनेकवचन तिथे उत्तर म्हणून सहसा मिळत नाही. सुरुवातीला मात्र एस सर्वांच्या पुढे आहे: ३६६ शब्द.

शेवटच्या जोड्या आणि तिकड्या पाठ असल्या की पुष्कळ घरं एकदम भरतात:

- सी-एच, एस-एच, टी-एच: बेंच, ब्रश, टूथ
- सी-के: ब्रिक, क्लॉक, ट्रक. ही जोडी शेवटी येते, सुरुवातीला कधीच नाही.
- एन-टी, एस-टी, एफ-टी: प्लँट, ट्रस्ट, ड्राफ्ट
- एन-के, एन-जी: ड्रिंक, ब्रिंग
- दुहेरी व्यंजन आणि वाय: हॅपी, फनी, सिली, हॉबी

सुरुवातीला दोन व्यंजनं असतील, तर दुसरं बहुतेक वेळा आर, एल किंवा एच असतं. एस मात्र टी, पी, सी, के, एम, एन, डब्ल्यू यांच्याशीही जुळतो. तीन व्यंजनांनी सुरू होणाऱ्या शब्दांत एस-टी-आर, एस-पी-आर, एस-सी-आर, एस-पी-एल, टी-एच-आर, एस-एच-आर एवढीच नेहमीची मंडळी. तीन घरं अशी भरली की चौथ्यात स्वर येणारच: स्ट्रॅप, स्प्रे, स्क्रू, स्प्लिट, थ्रो, श्रग. शब्द पाच अक्षरी आहे ना, हे प्रत्येक वेळी मोजा. थ्रो टी-एच-आर-ओ-डब्ल्यू म्हणून बसतो. थ्री बसतो, थ्रिल नाही.

## टप्पा ५: स्वर बसवा

सगळे स्वर एकेका घरात घालून बघणं हा लांबचा रस्ता. आधी किती स्वर शिल्लक आहेत ते मोजा. ए, ई, आय, ओ बाद झाले असतील तर यू आणि वाय एवढेच उरतात. अशा वेळी माणसं हबकतात, पण हे कोडं उलट सोपं झालेलं असतं.

यू सुद्धा बाद झाला तर वाय स्वराचं काम करतो. असे पाच अक्षरी शब्द मोजकेच आहेत आणि एकदा पाठ करून ठेवावेत: निंफ, लिंफ, क्रिप्ट, ग्लिफ, ट्रिस्ट, जिप्सी, पिग्मी, लिंच, साइक. सगळ्यांत वाय मध्ये कुठेतरी आहे. जिप्सी आणि पिग्मी यांत तर दोन-दोन वाय. वाय फक्त शेवटीच येतो, अशी समजूत असेल तर हे शब्द सापडत नाहीत.

ई वर थोडं जास्त थांबा. मूळ यादीत तो १२३३ वेळा येतो आणि ए ९७९ वेळा. त्यामुळे ई सापडला की पहिला प्रश्न त्याच्या घराचा. शेवटच्या घरात असेल तर बहुधा तो मुका आहे आणि त्याच्या आधी व्यंजन, त्याही आधी स्वर असतो: स्मोक, ब्रेव्ह, प्राइस. शेवटच्या घरात नाही असं ठरलं, तर चौथ्या घरात ई आणि पाचव्यात आर, एल किंवा एन हा सांगाडा बघा: टायगर, नोव्हेल, सेव्हन. दोन ई ची शक्यताही इथेच तपासायची: स्लीप, चीक, स्वीट.

## टप्पा ६: दुहेरी अक्षरांची फेरी

नेहमीचे शब्द संपले आणि अजून उत्तर सापडलं नाही, तर सापडलेलं अक्षर पुन्हा येतंय का ते पाहा. आपण आपोआप पाच वेगवेगळी अक्षरं शोधत राहतो.

एल, एस, टी, पी, आर, एफ, एन ही व्यंजनं आणि ई, ओ हे स्वर सहज दुहेरी येतात. शेजारी शेजारीच येतील, असं नाही. रडारमध्ये आर पहिल्या आणि पाचव्या घरात आहे, कर्मात ए दुसऱ्या आणि पाचव्या घरात. सुरुवातीलाच जोडी येणारे शब्द विरळा, पण आहेत: लामा हा प्राणी एल-एल-ए-एम-ए, आणि इरी, ई-ई-आर-आय-ई, ज्यात ई तीनदा आहे.

## टप्पा ७: कानावर नाही, स्पेलिंगवर जा

शब्द मनात बोलून शोधला की मुकी अक्षरं असलेले शब्द सापडत नाहीत. के सापडला आणि पुढे एन असेल, तर नाइफ, नॉक, नोन, नील आठवा. या सगळ्यांची सुरुवात के-एन ने होते. डब्ल्यू-आर ने राइट, राँग, रेक, रिस्ट. जी-एन ने नोम. पी-एस ने साम, पी-एस-ए-एल-एम. शेवटी एम-बी असलेले क्लाइंब, थंब, क्रंब, प्लंब यांत बी ऐकू येत नाही.

दुसरी खाच ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगची. वर्डल अमेरिकन स्पेलिंगवर चालतो. शाळेत कलर सहा अक्षरांनी शिकलेल्याला सी-ओ-एल-ओ-आर हा पाच अक्षरी शब्द सुचतच नाही. हाच प्रकार ह्यूमर, ऑनर, रूमर, फेवर, लेबर, ट्यूमर, व्हिगर, आर्मर यांचा. सगळ्यांचा यू गळतो आणि सगळे पाच अक्षरी होतात. फायबर आणि मीटर यांची लांबी तीच राहते, पण शेवट आर-ई ऐवजी ई-आर होतो. ओ चौथ्या आणि आर पाचव्या घरात असेल तर ही सगळी यादी एकदा डोळ्यांखालून घाला. त्यातला चारच अक्षरांचा होणारा ओडर मात्र सोडून द्या.

## टप्पा ८: एकाच कुटुंबातले शब्द उरले तर

चार घरं हिरवी झाली म्हणजे जिंकलो, असं वाटतं. पण _ आय जी एच टी हा सांगाडा बघा: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. एकेक करून बघत गेलात तर प्रयत्न संपतील. इथे उत्तराचा नाद सोडायचा आणि उरलेली पहिली अक्षरं एकत्र तपासणारा शब्द टाकायचा. फिल्म्स, एफ-आय-एल-एम-एस, यात एफ, एल, एम, एस ही चार अक्षरं एका झटक्यात तपासली जातात. त्यातलं एखादं रंगलं तर उत्तर मिळालंच. चारही राखाडी आली तर एट, नाइट, राइट, टाइट एवढेच उरतात.

_ ए टी सी एच साठी ब्लिंप, बी-एल-आय-एम-पी. बॅच, लॅच, मॅच, पॅच यांचा निकाल एकदम लागतो. मागे कॅच, हॅच आणि वॉच राहतात. वॉच विसरला जातो, कारण उच्चार वेगळा आहे.

हार्ड मोडमध्ये असा बाहेरचा शब्द टाकता येत नाही. तिथे सावधगिरी आधीच घ्यावी लागते: दुसऱ्या-तिसऱ्या अंदाजात अशा मोठ्या कुटुंबाचा सांगाडा दिसू लागला, तर चारही घरं पक्की करणारा शब्द टाळा आणि पहिल्या घरासाठी जास्त पर्याय तपासणारा निवडा.

सावधान: दोनच शब्द उरले असतील तर तपासणीचा शब्द टाकू नका. त्यातलाच एक टाका. चुकला तरी पुढचा पक्का असतो.

## टप्पा ९: दिलेल्या अक्षरांचाच शब्द बनवायचा असेल तर

पाच वेगवेगळ्या अक्षरांच्या १२० मांडण्या होतात. एक अक्षर दोनदा असेल तर ६०, दोन अक्षरं दोन-दोनदा असतील तर ३०. सगळ्या लिहायची गरज नाही. आधी जमणाऱ्या जोड्या काढा आणि त्या जोडीला एकच अक्षर मानून हलवा.

ए, ई, एल, एस, टी घ्या. एस-टी सुरुवातीला ठेवली की स्टेल, एस-टी-ए-एल-ई, आणि स्टील, एस-टी-ई-ए-एल, म्हणजे चोरणं. शेवटी ठेवली की लीस्ट. एस-एल सुरुवातीला ठेवली की स्लेट. एस एकटा शेवटी टाकला की टेल्स. चार जागा बदलून पाच शब्द. अक्षरं गोल मांडली तर जोड्या जास्त दिसतात. सरळ रेषेत लिहिलं की डोळा पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने वाचत राहतो.

## टप्पा १०: स्प्रेडशीटमध्ये यादी गाळायची असेल तर

शिकवणीसाठी किंवा स्वतःचं कोडं बनवण्यासाठी पूर्ण यादी लागते. शब्दांची यादी एका स्तंभात घ्या आणि याच क्रमाने जा:

१. ट्रिम फंक्शनने मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढा. हे राहिलं तर चार अक्षरी शब्द आणि एक मोकळी जागा मिळून लांबी पाच भरते.
२. लोअर फंक्शनने सगळं लहान लिपीत आणा.
३. लेन फंक्शनने लांबी काढून पाच असलेल्या ओळी गाळून घ्या.
४. अपॉस्ट्रॉफी आणि हायफन असलेले शब्द हाताने काढा. डोन्ट आणि कान्ट यांची लांबी अपॉस्ट्रॉफी धरून पाच भरते.
५. अक्षर आहे का हे बघायला सर्च वापरा. अक्षर नसेल तर ते त्रुटी दाखवतं, म्हणून त्यावर इजनंबर लावा. प्रत्येक अक्षराला वेगळा स्तंभ द्या.
६. ठरावीक घरातलं अक्षर मिड फंक्शनने काढा.
७. अक्षर किती वेळा आलं हे हवं असेल तर मूळ लांबीतून, सबस्टिट्यूटने ते अक्षर काढून टाकल्यावर उरलेली लांबी वजा करा. सबस्टिट्यूट लहान-मोठी लिपी वेगळी धरतं, म्हणून दुसरी पायरी गाळू नका.

यादी गाळल्यावर पाच-सहा शब्द हाताने तपासा. त्यांत एक दुहेरी अक्षराचा आणि एक नक्की बाद व्हायला हवा असा शब्द मुद्दाम घ्या. बाद व्हायला हवा तो यादीत राहिला असेल, तर सूत्रात चूक आहे.

## एकही शब्द सापडत नसेल तर

शब्द अस्तित्वात आहे, हे धरून चाला. कोडं बनवणाऱ्याने उत्तर ठरवूनच बनवलेलं असतं. मग पुढच्या क्रमाने मागे जा.

आधी ‘नाहीत’चा रकाना तपासा. दुहेरी अक्षरामुळे राखाडी दिसलेलं एखादं अक्षर चुकून तिथे गेलं आहे का? सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो. मग पिवळ्या अक्षरांची घरं अंदाजांशी ताडून बघा. घरांची गल्लत, विशेषतः तिसऱ्या आणि चौथ्या घराची, फार होते. शब्दकोड्यात आडवा शब्दच चुकीचा भरला असेल, तर त्याने दिलेलं पक्कं अक्षरही चुकीचं असतं. ते अक्षर खोडून उरलेल्यांवर पुन्हा सांगाडे मांडा.

अटी बरोबर निघाल्या तर सांगाडे मोजा. तेही पुरे असतील तर वाय मध्ये असलेले शब्द, तेच अक्षर लांबवर पुन्हा येणारे शब्द, मुक्या अक्षरांचे शब्द आणि अमेरिकन स्पेलिंग, या चार फेऱ्या याच क्रमाने करा.